डार्क चॉकलेट आणि आरोग्य : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
चॉकलेट म्हणजे लहान मुलांचा खाऊ, ही समजूत आता मागे पडत आहे. नांदेड व लातूर येथील दुकानांतही डार्क चॉकलेट मिळते. ते हृदयास हितकारक असल्याचे ऐकून काही मधुमेही व रक्तदाबाचे रुग्णही ते औषधासारखे खाऊ लागतात. या समजुतीत तथ्य किती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घटक :
कोकोच्या बिया आंबवून, वाळवून व भाजून चॉकलेटचा मूळ पदार्थ तयार होतो. ७० ते ८५ टक्के कोको असलेल्या १०० ग्रॅम चॉकलेटमध्ये सुमारे ६०० किलोकॅलरी ऊर्जा, ४३ ग्रॅम मेद, २४ ग्रॅम साखर, ११ ग्रॅम तंतुमय पदार्थ, १२ मिलिग्रॅम लोह व २३० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते.

आरोग्यविषयक लाभ :
कोकोतील खरा गुणकारी घटक म्हणजे फ्लॅव्हनॉल. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरात नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती वाढते, वाहिन्या सैलावतात आणि रक्तप्रवाह सुधारतो. कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये ३५ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात रक्तदाबातील सरासरी घट २ मिलिमीटरहूनही कमी आढळली. अमेरिकेतील २१,४४२ ज्येष्ठांवरील 'कॉसमॉस' चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. दररोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल घेणाऱ्यांत हृदयविकारामुळे होणारे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी दिसले. मात्र हृदयविकाराच्या एकूण घटनांमध्ये लक्षणीय घट झाली नाही. शिवाय या चाचणीत चॉकलेट नव्हे, तर कोको अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या.

मर्यादा :
कडूपणा कमी करण्यासाठी कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केल्यास फ्लॅव्हनॉल बरेच नष्ट होतात. त्यामुळे वेष्टनावरील कोकोची टक्केवारी हे फ्लॅव्हनॉलचे खात्रीचे माप ठरत नाही. काही चॉकलेटमध्ये शिसे व कॅडमियमचे अंशही आढळले आहेत. मधुमेही व्यक्तींनी साखरेचे प्रमाण विसरू नये आणि चालू औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय बंद करू नयेत.

स्थानिक संदर्भ :
कोकोला दमट हवामान व सावली लागते. कोरड्या मराठवाड्यात त्याची लागवड सोयीची नाही. कोको बटर सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळते, तर येथील उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो. वितळून पुन्हा घट्ट झालेल्या चॉकलेटवर दिसणारा पांढरट थर बहुधा बुरशीचा नसून मेदाचा असतो. खनिजांचाच विचार केला, तर १०० ग्रॅम तिळात सुमारे ३५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, म्हणजे डार्क चॉकलेटपेक्षा अधिक. लोहही त्यात कमी नाही. संक्रांतीपुरता घरात येणारा तीळ वर्षभर चटणीच्या रूपाने भाकरीसोबत खाता येतो, आणि तोही साखरेविना.

निष्कर्ष :
डार्क चॉकलेट अल्प प्रमाणात आवडीने खाण्यास हरकत नाही. साध्या गोड चॉकलेटपेक्षा ते निश्चितच बरे. तथापि ते औषध नव्हे. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाने केवळ आरोग्यासाठी त्यावर खर्च करण्याऐवजी तीळ, शेंगदाणे, डाळी व ज्वारी यांना ताटात स्थान देणे अधिक हितावह ठरेल.