एक रे हरीण, एक क्रमांक

प्लास्टिकची एक अरुंद पट्टी, तिच्यावर छापलेला क्रमांक, आणि एकदा ओढून अडकवली की कापल्याशिवाय न सुटणारा फासा. नेदरलँड्सच्या युट्रेख्ट प्रांतात रे हरीण मारायचं असेल तर आधी ही पट्टी हातात यावी लागते. हरीण पडलं की ते जागेवरून हलवण्याआधी मागच्या पायात, शीर आणि हाड यांच्या मधून भोक पाडून ती अडकवायची. एका पट्टीवर एकच हरीण. पट्टी नसेल तर ते हरीण चोरीचं.

आमच्या गल्लीतले एक निवृत्त सुतार या पट्टीसाठी वर्षभर खपतात. मला त्यांच्याबरोबर मचाणावर बसायला मिळतं, कारण मी गप्प बसू शकते आणि थंडीची तक्रार करत नाही. बंदूक मी हातात धरलेली नाही, धरणारही नाही. मी बघते. जे बघितलं त्यातून माझं मत असं झालं आहे की जंगली जनावर मारण्याची परवानगी द्यायचीच असेल तर ती इतकी अवघड असायला हवी.

रे हरीण साधारण आपल्या भेकराएवढं. खांद्याशी उंची जेमतेम सत्तर सेंटिमीटर, वजन वीस ते तीस किलो. उन्हाळ्यात तांबूस, हिवाळ्यात राखाडी, आणि पळताना ढुंगणावरचा पांढरा ठिपका तेवढा दिसत राहतो. सह्याद्रीत भेकर ओरडलेलं ज्यांनी ऐकलं आहे त्यांना हेही हरीण लगेच ओळखू येईल. तोच खरखरीत, कुत्र्यासारखा आवाज, तसाच अचानक. फरक इतकाच की भेकर दाट रानात राहतं आणि हे लोकांच्या परसदारी. युट्रेख्ट प्रांताची जमीन सुमारे पंधराशे चौरस किलोमीटर, म्हणजे सातारा जिल्ह्याचा सातवा हिस्सा. त्यात तेरा लाखांहून जास्त माणसं, महामार्ग, रेल्वे, गाईंची कुरणं. मधून ह्यूव्हलरुग ही हिमयुगात बर्फाने ढकलून केलेली वाळूच्या टेकड्यांची रांग जाते. तिचा सर्वांत उंच माथा 69 मीटर. 2003 पासून इथे राष्ट्रीय उद्यान आहे. हरणांना रस्ते ओलांडता यावेत म्हणून ठिकठिकाणी माती टाकून, झाडं लावून पूल बांधले आहेत. तरीही हरणं रस्त्यावर येतातच.

इथे शिकारी व्हायचं म्हणजे आधी शाळेत जायचं. वर्षभर अभ्यास, मग लेखी परीक्षा. तीत पक्षी आणि प्राणी ओळखणं, पिकं, रोग, कायदा आणि शस्त्रांची माहिती असं सगळं येतं. त्यानंतर छऱ्याची बंदूक आणि रायफल यांची प्रात्यक्षिकं. सुतारांच्या घरी ती पुस्तकं अजून आहेत, कोपरे झिजलेली. परीक्षा पास झाली की पोलिसांकडे अर्ज. पोलिसांचा परवाना 1 एप्रिल ते 31 मार्च एवढाच चालतो, दर वर्षी नवा काढावा लागतो. घरात बंदुकीसाठी पक्की ठोकलेली तिजोरी लागते आणि ती बघायला पोलीस येतात. विमा लागतो. शिवाय जमीन लागते: किमान 40 हेक्टर सलग, आणि तिच्यात 150 मीटर त्रिज्येचं वर्तुळ मावलं पाहिजे. लांबट पट्टा चालत नाही, कारण गोळी शेजाऱ्याच्या हद्दीत जायला नको. एवढी जमीन सुतारांकडे कुठून असणार? लांगब्रुकच्या बाजूच्या एका जुन्या जहागिरीच्या मालकाशी त्यांचा लेखी करार आहे. असा करार कमीत कमी 6 आणि जास्तीत जास्त 12 वर्षांचा असतो.

एवढं सगळं होऊनही रे हरीण मारता येत नाही. परवानाधारकाला कायद्याने पाचच जाती मोकळ्या आहेत: ससा, रानससा, तितरासारखा फेझंट, रानबदक आणि रानकबूतर. त्यातही 2022 मध्ये सरकारने युट्रेख्टसह तीन प्रांतांत रानसशाची शिकार बंद केली, कारण संख्या घटली होती. रे हरीण त्या पाचांत नाही. ते संरक्षित आहे. त्यासाठी प्रांत सरकारची वेगळी सूट लागते आणि ती एकट्या माणसाला मागता येत नाही. शिकारी, शेतकरी, जमीनमालक आणि निसर्गसंस्था ज्यात बसतात अशी प्रांताची एक वन्यजीव व्यवस्थापन संस्था आहे. ती काही वर्षांचा आराखडा करते. कुठे किती हरणं आहेत, कोणत्या रस्त्यावर गाड्यांच्या किती धडका बसल्या, म्हणून कुठे किती कमी करायची, हे त्यात कारणांसकट लिहायचं. कारण पटलं नाही तर सूट नाही. पटलं तरी प्राणीहक्काच्या संघटना कोर्टात जाऊ शकतात, जातातही, आणि न्यायाधीश विचारतात: हरणं कमी केल्याने धडका कमी होतात, हे दाखवा. सुतारांना या संघटनांचा राग येत नाही. ते म्हणाले, "त्या नसत्या तर आम्ही आळशी झालो असतो."

आकडे येतात मोजणीतून. वसंताच्या सुरुवातीला, झाडांना पालवी फुटण्याआधी, संपूर्ण पट्ट्यात ठरलेल्या पहाटे आणि ठरलेल्या संध्याकाळी एकाच वेळी माणसं उभी राहतात. मी सुतारांच्या शेजारी वही धरून उभी होते. नर, मादी, पिल्लू, वेळ, कोणत्या दिशेने आलं, कोणत्या दिशेने गेलं. तेच हरीण दोन वह्यांत जाऊ नये म्हणून दिशा महत्त्वाची. मोजणाऱ्यांत शिकारी होते तसे शिकारीला ठाम विरोध असलेलेही होते, आणि दोघांच्या आकड्यांवर दोघांच्या सह्या.

मग कोणी कोणतं हरीण मारायचं याची चिठ्ठी येते. सुतारांच्या चिठ्ठीवर होता एक नर, कोवळ्या वयाचा. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत वापिटी नावाचं थोरलं हरीण आहे. त्याच्या नराची शिकार करायची तर अनेक ठिकाणी सोडतीत नाव निघावं लागतं. लोक वर्षानुवर्षं अर्ज करून गुण साठवतात, आणि एकदा परवाना मिळाला की डोळ्यांसमोर एकच चित्र असतं, सर्वांत मोठी शिंगं. इथे तसं नाही, आणि मला हा फरक फार मोलाचा वाटतो. सुतारांच्या जमिनीवर सहा टोकांच्या शिंगांचा एक देखणा नर आहे. त्याला ते दर वर्षी बघतात, आणि तो त्यांच्या चिठ्ठीवर कधीच नसतो. त्याच्यासारखा पक्का नर आपला इलाखा राखून असतो, म्हणून तिथे भटके तरणे नर शिरत नाहीत, आणि रस्त्यावर जाऊन मरतात ते बहुतेक हे भटकेच. चिठ्ठीवर असतो तो आदल्या वर्षी जन्मलेला, बोटभर सुळक्यांची शिंगं असलेला. भिंतीवर लावण्याजोगं त्याच्यात काही नसतं.

मे महिन्यात इथे पहाट फार लवकर होते. सूट अशी की सूर्योदयाआधी एक तास ते सूर्यास्तानंतर एक तास. मचाण सुतारांनी स्वतः बांधलेलं आहे, ओकच्या झाडाला टेकलेली शिडी आणि वर दोघांपुरती फळी. पायऱ्यांवर जुन्या गालिच्याचे तुकडे ठोकले आहेत, बूट वाजू नयेत म्हणून. चढण्याआधी त्यांनी चिमूटभर राख हवेत सोडली. वारा कुरणाकडून आमच्याकडे येत होता. म्हणजे ठीक.

समोर कुरण, त्याच्या कडेने पाण्याचा चर, चरापलीकडे एल्डरच्या झाडांची ओळ. धुकं कमरेएवढं. टिटवीच्या जातीचा एक पक्षी सारखा ओरडत होता. बराच वेळ काही नाही. मग धुक्यातून फक्त कान दिसले, मागोमाग मान. नर होता, तरणा, सुळके कानांपेक्षा आखूड. तो एक पान खायचा, दोन पावलं टाकायचा, दुसरं पान निवडायचा. हे हरीण गाईसारखं सरसकट चरत नाही, वेचून खातं. सुतारांनी दुर्बीण खाली ठेवली, रायफल फळीवर टेकवली आणि तशीच राहू दिली. हरीण आडवं उभं होतं, अंतर शंभर मीटरच्या आत, बरगडी मोकळी. तरी त्यांनी बोट घोड्यावर नेलं नाही. त्यांनी मला हनुवटीने दाखवलं: हरणाच्या मागे जमीन उतरती होती आणि तिच्यापलीकडे सायकलचा रस्ता. गोळी आरपार गेली तर तिला थांबवायला मागे माती हवी. माती नव्हती. हरीण निघून गेलं. आम्ही खाली उतरलो, थर्मासमधली कॉफी प्यायलो आणि घरी आलो. मचाणावरच्या बहुतेक सकाळी अशाच संपतात, आणि सुतारांच्या चेहऱ्यावर मी त्याची खंत कधी पाहिली नाही.

ज्या सकाळी गोळी सुटली, त्या सकाळी तोच नर चराच्या अलीकडे, बांधाच्या पोटाशी आला होता. मागे मातीची उभी भिंत. सुतारांनी श्वास सोडला, थांबले, आणि आवाज झाला. हरणाने उंच उडी घेतली, ते झाडांच्या ओळीत शिरलं आणि दिसेनासं झालं. मी उठणार तोच त्यांनी हात धरला. लगेच जायचं नाही. घायाळ जनावराला माणूस आलेला कळला तर ते उरलेल्या बळावर दूर पळतं आणि सापडेपर्यंत हाल होतात. दहा मिनिटं बसून राहायचं. ती दहा मिनिटं फार जड होती, त्यांनाही.

खाली जाऊन त्यांनी हरणाच्या आधी ते उभं होतं ती जागा शोधली. गवतावर कापलेले केस आणि रक्त. रक्त गुलाबी, फेसाळ. म्हणजे फुप्फुस. गडद आणि घट्ट असतं तर यकृत, आणि हिरवट घाण दिसली असती तर पोट. तसं असतं तर त्यांनी एक पाऊलही पुढे टाकलं नसतं. माग काढणारं शिकवलेलं कुत्रं आणि त्याचा मालक यांना फोन केला असता. हरीण झाडांच्या ओळीत, तीस-चाळीस पावलांवर पडलेलं होतं. सुतारांनी टोपी काढली, डोळ्याला काडी लावून पाहिली, आणि ओकची एक लहान डहाळी त्याच्या तोंडात ठेवली. जर्मन शिकाऱ्यांकडून आलेली ही रीत आहे, शेवटचा घास देण्याची. मग पायात पट्टी. क्रमांक फोनवर नोंदवला, वेळ, जागा, नर, अंदाजे वय.

वय पक्कं होतं ते दातांवरून. त्यांनी जबडा उघडून मला खालच्या ओळीतली तिसरी दाढ दाखवली. दुधाची असेल तेव्हा तिला तीन उंचवटे असतात. साधारण वर्षाच्या आसपास ती पडते आणि दोन उंचवट्यांची पक्की दाढ येते. इथे तीन उंचवट्यांची जुनी दाढ अजून हलत होती. चिठ्ठीवर लिहिलेलंच जनावर.

पोट फाडणं हे घाणेरडं काम समजून मी तोंड फिरवलं नाही, कारण सुतार तिथे शिकारी राहिले नव्हते, तपासनीस झाले होते. यकृतावर डाग आहेत का, फुप्फुसात गाठी आहेत का, आतड्याजवळच्या ग्रंथी सुजल्या आहेत का. मांस विकायचं असेल तर ही तपासणी प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने करून कागदावर सही करावी लागते, आणि धड 7 अंशांपर्यंत थंड करावं लागतं. धड खाटकाकडे गेलं. खांद्याचा एक तुकडा मला मिळाला. चरबी जवळजवळ नसते, म्हणून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात अगदी मंद आचेवर शिजवावा लागला. सुतारांनी भाताबरोबर दोनदा घेतला.

आता या हिशेबात एक नवा वाटेकरी आला आहे. ह्यूव्हलरुगवर लांडगे स्थिरावले आहेत आणि त्यांचं मुख्य खाणं रे हरीण. 2024 आणि 2025 च्या उन्हाळ्यांत याच पट्ट्यात लांडग्याने लहान मुलांना इजा केल्याच्या घटना घडल्या, तेव्हापासून गावागावांत वाद पेटला आहे. मचाणावर मात्र प्रश्न साधा आहे: लांडगा हरणं घेत असेल तर आमच्या पट्ट्या किती कमी व्हायला हव्यात? सुतारांचं म्हणणं, आधी मोजा, मग ठरवा. पट्ट्या शून्य झाल्या तरी मचाणावर बसायला येईनच, असंही ते म्हणतात.

मी विदर्भातली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद केली आणि ते अत्यंत योग्य झालं. पण रोही आणि रानडुकरं रात्रीत उभं पीक आडवं करतात, आणि वनखात्याकडून परवानगी मिळण्याची कायद्यात तरतूद असूनही शेतकरी कुंपणात वीज सोडतो. त्या तारेत रोही मरतो, बिबट्या मरतो, वाघ मरतो, रात्री पाणी द्यायला गेलेला माणूसही मरतो. त्यातल्या कितींची नोंद होते? आपल्याकडे रायफली वाटा असं मी म्हणणार नाही. पण गावागावांतून शेतकरी, वनरक्षक आणि प्राणिमित्र यांनी एकाच पहाटे उभं राहून मोजणी करावी आणि एकाच वहीवर सह्या कराव्यात, हे आपल्यालाही जमेल. त्याला लागतात फक्त वही आणि माणसं.

आणि नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना एक विनंती. झाइस्टहून वाउडेनबर्गकडे जाणारा एन224 असो, की डोर्न, लीरसुम, रेननवरून जाणारा एन225, पहाटे आणि तिन्हीसांजेला रानातून जाताना गाडी सावकाश चालवा. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं तर थांबा, मागून दुसरं येतं. धडक बसलीच तर निघून जाऊ नका, आणि जखमी हरणाच्या मागे रानात जाऊ नका, हात लावू नका. पोलिसांना 0900-8844 वर, माणसं जखमी असतील तर 112 वर फोन करा आणि रस्त्याकडेच्या लहान खांबावरचा किलोमीटरचा आकडा सांगा. ते प्रशिक्षित माणूस पाठवतात, हवं तर कुत्र्यासकट. तुमच्या त्या फोनची नोंद धडकांच्या आकड्यांत जाते, आणि पुढच्या आराखड्यात त्या रस्त्यावर काय करायचं हे त्याच आकड्यांवरून ठरतं.