चाळीस चौरस फुटांचे न्हाणीघर

आपल्या मंडळींच्या घरी पहिल्यांदा गेलो की यजमान हौसेने घर दाखवतात. ग्रॅनाइटचा ओटा, तळघरातला मोठा टीव्ही, मागचा डेक, सगळे पाहून होते. जिन्यालगतच्या बाथरूमचे दार मात्र हळूच ओढून घेतले जाते. "तिचं काम काढायचंय एकदा," हे वाक्य मी डझनभर घरांत तरी ऐकले असेल. पाच फूट बाय आठ फूट. एक टब, एक कमोड, एक बेसिन. अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांचे हे जणू ठरलेलेच माप. टब पाच फूट लांब, म्हणून खोली पाच फूट रुंद, इतके साधे गणित. मुले, पाहुणे आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील, या सगळ्यांचा भार ह्याच खोलीवर असतो.

आमचे घर न्यू जर्सीतले, १९६४ साली बांधलेले. ह्या बाथरूमसाठी तीन ठिकाणांहून आकडे मागवले, तेव्हा सर्वांत स्वस्त आकडा १४,००० डॉलर निघाला. आम्ही बाजूला काढले होते ३,५००. तेव्हा जे आपल्याला जमेल ते आपण करायचे आणि जे कायद्याने व अकलेने दुसऱ्याचे आहे ते दुसऱ्याकडून करून घ्यायचे, असे ठरवून सहा शनिवार-रविवार कामाला लावले. त्यातून जे कळले ते इथे मांडतो. सार एका वाक्यात सांगायचे तर, पैसा आतून बाहेर खर्च करावा. आधी पाणी, मग हवा, मग पाय ठेवण्याची जागा, आणि रंगरंगोटी सर्वांत शेवटी.

मोरी आणि बाथरूम

आपण ज्या घरांत वाढलो तिथली मोरी किंवा न्हाणीघर ही पाण्याचीच जागा होती. शहाबादी फरशी, भोवती वीतभर कठडा, कोपऱ्यातल्या भोकाकडे उतार. बंबातले कढत पाणी घंगाळात किंवा बादलीत घ्यावे, तांब्याने अंगावर ओतावे, आणि जाताना चार तांबे पाणी फरशीवर टाकून खराटा मारावा. मुंबईच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या. तिथली खोली १६० चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामायिक. म्हणजे आपण जिला 'लहान' म्हणतो ती बाथरूम त्या पूर्ण बिऱ्हाडाच्या एक चतुर्थांश! जागा कितीही कमी असो, मोरीत पाणी कुठेही पडले तरी चालायचे, कारण खाली दगड आणि बाजूला विटा.

अमेरिकन बाथरूम ही मुळात कोरडी खोली आहे. तिच्यात फक्त टब ओला. जमिनीला उतार नाही, निचऱ्याला भोक नाही. फरशीखाली प्लायवूड, प्लायवूडखाली लाकडी तुळया आणि त्याखाली बहुधा जेवणघराचे छत. भिंत म्हणजे सोळा सोळा इंचांवर उभे केलेले लाकडी स्टड आणि त्यांवर ठोकलेला जिप्समचा बोर्ड, ज्याची दोन्ही अंगे कागदाची. टबाबाहेर रोज वाटीभर पाणी सांडले तरी ते लाकडाकडेच वाट काढते. आपल्याकडून आलेल्या वडीलधाऱ्यांना बाथरूम 'धुण्याची' सवय असते. त्यांना नुसते नको म्हणण्यापेक्षा खाली लाकूड आहे हे कारण सांगावे. ते त्यांना लगेच पटते.

भिंतीच्या आत

टबाभोवतीच्या जुन्या टाइल्स काढल्या तेव्हा मागचा बोर्ड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा हातात आला आणि दोन स्टडची टोके मऊ पडलेली दिसली. पूर्वीच्या मालकांनी वरून दोनदा रंग दिला होता. सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडले तर दुसऱ्या दिवशी पॅच पाठवता येतो. टाइलमागे गेलेल्या पाण्याला पॅच नसतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. टाइल पाणी अडवते असे आपण धरून चालतो. चकचकीत टाइलमधून पाणी जात नाही हे खरे, पण टाइल्सच्या मधले ग्राउट सिमेंटचे असते आणि ते पाणी पिते. मागे लावायचा सिमेंट बोर्ड भिजून कुजत नाही, पण त्यातूनही पाणी पार जाते. पाणी खरे अडवतो तो बोर्डावर ब्रशने दोन हात द्यायचा रबरासारखा लेप. तो लावायला एक संध्याकाळ लागते आणि टाइल्स बसल्यावर तो कधीच दिसत नाही. कंत्राटदाराकडून काम करून घेणाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न विचारावा: "टाइलच्या मागे काय लावणार?" उत्तर "ग्रीन बोर्ड" असे आले तर दुसरा माणूस शोधावा. तो हिरवा बोर्ड दमट हवेपुरता ठीक. टबाभोवतीच्या टाइल्समागे तो चालत नाही.

टब आणि टाइल यांच्या सांध्यात ग्राउट भरू नये, सिलिकोन भरावे. टबात पाणी आणि माणूस आला की टब केसभर खाली बसतो आणि कडक ग्राउटला तडा जातो. म्हणून सिलिकोन लावण्याआधी टब पाण्याने भरून ठेवावा आणि ते पूर्ण सुकल्यावरच पाणी सोडावे. सिलिकोनची नळी थोड्या डॉलरांत मिळते, पण सगळी भिंत तिच्या जिवावर असते.

जुन्या घरांबद्दल एक सावधगिरी. घरगुती रंगात शिसे वापरण्यावर अमेरिकेत १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या घरात रंग घासण्यापूर्वी त्याची तपासणी करावी, विशेषतः घरात लहान मूल असेल तर. जमिनीवर नऊ इंची चौकोनी जुन्या टाइल्स दिसल्या तर त्यांत अ‍ॅसबेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्या फोडू नयेत, आधी नमुना तपासून घ्यावा.

खर्च कुठे वाचतो? पाइप न हलवण्यात. कमोड दोन फूट पलीकडे नेला की खालची तुळई, मैलापाण्याचा पाइप आणि त्याचा उतार, सगळेच बदलते. आणि परवाना लागतो तो वेगळाच. टब, कमोड आणि बेसिन आपापल्या जागी ठेवले तर बजेटच्या निम्म्या लढाया न लढताच जिंकता येतात. परवान्याचे नियम गावागणिक वेगळे असतात. नगरपालिकेच्या बांधकाम खात्याला आधी फोन करावा.

आईची अंघोळ

आता ह्या कामामागचे खरे कारण सांगतो. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची, एक गुडघा दुखरा. टबाची कड पंधरा इंच उंच. "अरे, ह्या हौदात रोज उडी मारायची का मी?" असे तिने पहिल्याच आठवड्यात हसत विचारले. मग तिने विचारायचे सोडले आणि घरात कुणी असल्याशिवाय अंघोळीला जायचेही सोडले. आई पारोशी देवापुढे बसत नाही. त्यामुळे आमची सौ. कामावरून परतेपर्यंत अंघोळ नाही, अंघोळ नाही म्हणून पूजा नाही आणि पूजा नाही म्हणून धड जेवणही नाही. सकाळचा दिवा संध्याकाळी साडेपाचला लागू लागला. तक्रार तिने एकदाही केली नाही.

टब काढून सपाट शॉवर करणे आमच्या बजेटात बसत नव्हते. पण भिंत उघडी होती. दोन स्टडच्या मध्ये आडवी जाड फळी स्क्रूने घट्ट बसवली, आणि ह्या फळ्यांवर टाइल्सनंतर तीन आधारदांडे आले: एक टबात शिरताना धरायला उभा, एक लांब भिंतीवर आडवा, एक कमोडशेजारी. सार्वजनिक इमारतींसाठी अमेरिकेचा नियम असा की आडवा दांडा जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर हवा आणि त्याने २५० पौंड, म्हणजे ११३ किलो भार पेलला पाहिजे. खाजगी घराला हा नियम लागू नाही, पण आकडे उसने घ्यायला हरकत नाही. टॉवेलची दांडी हा आधार नव्हे. ती जिप्समच्या बोर्डात अडकवलेली असते आणि घसरणाऱ्या माणसाबरोबर खाली येते. भिंत उघडायची नसेल तर स्टड शोधून थेट त्यात स्क्रू घालावेत.

जोडीला दोन वस्तू. एक, टबाच्या कडेवरून आतबाहेर जाणारे बाक: दोन पाय टबात, दोन बाहेर. बाहेर बसायचे, सरकायचे आणि एकेक पाय आत घ्यायचा. दुसरी, लांब नळीचा हातशॉवर. पण आईला हवे होते बादली आणि तांब्या. ते बसल्या जागी हाताशी येतील असे टबातच ठेवले. पाणी कुठेही ओतले तरी ते टबातच पडते. म्हणजे टब हीच मोरी झाली. पडदा तेवढा टबाच्या आत सोडायचा. आता सकाळी आठला घंटी वाजते.

दोन गोष्टी प्लंबरकडून करून घेतल्या. जुने दोन नळ काढून दाब सांभाळणारा एकच नळ बसवला. त्यामुळे खाली कुणी फ्लश केले तरी वरच्याच्या अंगावर एकदम कढत पाणी येत नाही. आणि वॉटर हीटर १२० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ४९ सेल्सियसवर आणला. बंबाच्या पाण्याची आठवण येते हे मान्य, पण वयस्कर त्वचा लवकर भाजते.

जमिनीवरच्या टाइलच्या खोक्यावर घर्षणाचा आकडा असतो. ओल्या सपाट जमिनीसाठी तो ०.४२ किंवा जास्त हवा. दोन इंची लहान टाइल्स घेतल्या तर सांधे जास्त येतात आणि पायाला पकड मिळते.

हवा, वीज, पाणी

आमच्या खोलीचे घनफळ ३२० घनफूट. मिनिटाला ८० घनफूट हवा ओढणारा पंखा चार मिनिटांत एकदा सगळी हवा बदलतो. अंघोळीनंतर तो वीस मिनिटे चालू ठेवला की पाच वेळा हवा बदलते आणि बुरशीला दमटपणा मिळत नाही. अट एकच: पंख्याची नळी छतातून किंवा भिंतीतून बाहेर गेली पाहिजे. ती माळ्यावरच सोडलेली अनेक घरांत आढळते. मग हिवाळ्यात ती वाफ छपराच्या आतल्या अंगाला गोठते आणि उन्हाळ्यात तिथे काळे डाग दिसतात.

वीज बर्कलीच्या चार्ल्स डॅल्झीलच्या हवाली करावी. ह्या प्राध्यापकाने १९६१ साली जीएफसीआय शोधला. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत पाचएक मिलिअ‍ॅम्पिअरचा फरक पडला, म्हणजे वीज माणसातून वाट काढते आहे असे दिसले, की तो क्षणार्धात प्रवाह तोडतो. अमेरिकेच्या विद्युत संहितेने १९७५ साली तो बाथरूममध्ये सक्तीचा केला. आमचे घर त्याआधीचे, म्हणून तिथे साधाच प्लग होता. तुमचे घर जुने असेल तर प्लगवर 'टेस्ट' आणि 'रीसेट' ही बटणे आहेत का, एवढे आजच पाहून घ्या.

जुन्या कमोडवर ३.५ गॅलनचा शिक्का होता. १९९२ च्या कायद्याने, १९९४ पासून, नव्या कमोडला १.६ गॅलनची मर्यादा आली. २००६ साली सुरू झालेल्या वॉटरसेन्स योजनेचा शिक्का असलेला कमोड १.२८ गॅलनमध्ये काम भागवतो. घरात दिवसाला वीस फ्लश धरले तर वर्षाला सुमारे १६,००० गॅलन, म्हणजे साठ हजार लिटरवर पाणी वाचते. खरेदीपूर्वी भिंतीपासून कमोडच्या बोल्टपर्यंतचे अंतर मोजावे. बहुधा ते बारा इंच असते. कमोडच्या नळीला टी जोडून हाताचा जेटही बसवला. काम झाल्यावर त्याचा कॉक बंद करायचा, नाहीतर नळीवर दिवसरात्र दाब राहतो. २०२० साली दुकानांतला टॉयलेट पेपर नाहीसा झाला तेव्हा अमेरिकन शेजारीही ह्या वस्तूची चौकशी करू लागले होते, हे आठवत असेलच.

हिशेब

प्लंबर ७००, इलेक्ट्रिशियन ५५०, सिमेंट बोर्ड, लेप आणि लाकूड ३३०, पंखा आणि नळी १८०. टाइल्स आणि त्यांचे साहित्य ६२०, बेसिनचे कपाट ३१०, कमोड २६०, दांडे, बाक, हातशॉवर आणि जेट २४०, रंग, आरसा, दिवा आणि पडदा १९०. एकूण ३,३८० डॉलर. यातले पहिले चार आकडे मिळवले तर १,७६० होतात. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा अशा कामावर गेला जे बहुतांशी भिंतीआड राहते. टाइल्सचे गणितही सोपे: टबाभोवती तीन भिंती मिळून दहा फूट लांबी, सहा फूट उंची, म्हणजे ६० चौरस फूट, टब वगळता जमीन सुमारे २८, त्यावर एक दशांश तुटफूट. शंभर चौरस फुटांच्या आतच काम होते. इतक्या कमी टाइल्स लागतात म्हणून चौरस फुटाला तीन डॉलरची पांढरी टाइल घेतली. भिंतीला फिकट रंग आणि बेसिनवर रुंद आरसा, एवढ्यावर खोली मोठी भासते.

ज्यांना एवढेही आत्ता जमणार नाही, त्यांनी निदान क्रम तरी पाळावा. आईवडिलांचे तिकीट काढाल त्याच आठवड्यात स्टड शोधून दोन दांडे, एक बाक, एक हातशॉवर आणि जीएफसीआय बसवून घ्या, आणि हीटरचे तापमान तपासा. रंग आणि पडदा ते आल्यावर त्यांच्या पसंतीने निवडता येतील. आमचा पडदा आईनेच निवडला: शेवाळी हिरवा, आम्हा कुणालाही न आवडलेला.