डॉक्टर पावरींचा चेंडू

दहावीचे वर्ष सुरू झाले की अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर रोज दिसणारी काही मुले एकाएकी दिसेनाशी होतात. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा विषय घरात निघाला की बॅट माळ्यावर जाते. पालकांना दोष देणे सोपे आहे. मोजक्या जागांसाठी चाललेली झोंबाझोंबी आपण सारेच पाहतो. तरीही खेळ आणि वैद्यक यांचे मुळातच वैर आहे असे गृहीत धरण्यापूर्वी डॉ. मेहेल्लाशा पावरी यांची हकीकत आठवून पाहावी.

पावरींचा जन्म १८६६ साली नवसारीचा, कर्मभूमी मुंबई. १८८८ साली पारशी संघ दुसऱ्यांदा इंग्लंडला गेला, तेव्हा या वेगवान गोलंदाजाने त्या एका दौऱ्यात १७० बळी घेतले. वय अवघे एकवीस!

पण खरा पराक्रम घडला तो घरच्या मैदानावर. घरचे म्हणायचे ते उपचारापुरतेच. बाँबे जिमखान्याचे सभासदत्व हिंदी माणसाला मिळत नसे. साहेबांच्या पोलोच्या घोड्यांनी शेजारच्या मोकळ्या मैदानातील आपल्या मुलांच्या खेळपट्ट्या तुडवल्या, म्हणून पारशी खेळाडूंनी सरकारदरबारी अर्जांवर अर्ज केले होते. त्याच जिमखान्याच्या हिरवळीवर जानेवारी १८९० मध्ये व्हर्नन यांचा इंग्लिश संघ उतरला. दुसऱ्या डावात पाहुणे ६१ धावांत गारद झाले. पावरींनी ३४ धावांत सात गडी टिपले. पारशी चार गडी राखून जिंकले. व्हर्ननच्या संघाचा त्या दौऱ्यातील हा एकमेव पराभव.

पुढे पावरी वैद्यकाच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. तेथेही चेंडू सुटला नाही. १८९५ साली मिडलसेक्सकडून ते एक सामना खेळले. मुंबईत परतून त्यांनी वैद्यकी केली आणि १९०१ साली पारशी क्रिकेटचा इतिहासही लिहून काढला. ते एकटेच नव्हते. ज्यांच्या नावाने मुंबईत १९४८ पासून ऐन पावसाळ्यात सामने होतात, ते होरमसजी कांगाही डॉक्टरच.

यावर कोणी म्हणेल, तो सुखवस्तू समाज होता, त्यांचा जिमखाना होता. आक्षेप खरा आहे. परंतु तो जिमखाना आयता मिळाला नव्हता. आधी मैदानासाठी भांडावे लागले होते. आमच्या कित्येक शाळांत खेळाचा तास वेळापत्रकावर असतो आणि दहावीच्या वर्गात त्या वेळी गणित शिकवले जाते. त्याविरुद्ध एखाद्या पालकाने अर्ज केल्याचे ऐकिवात नाही.