हा अधिकार तुला दिला कोणी?

1992 साली रत्नागिरीच्या झाडगाव एमआयडीसीत स्टरलाइट कंपनीला तांब्याच्या कारखान्यासाठी सुमारे 500 एकर जागा मिळाली. तांबं ज्यातून काढतात ती काळपट भुकटी कधी पाहिली आहे? तिच्यात जवळजवळ तिसरा हिस्सा गंधक असतो! भट्टीत तो जळला की सल्फर डायऑक्साइड तयार होतो. हा वायू पकडला तर त्याचं ॲसिड करून विकता येतं. निसटला तर? समोर हापूसचा मोहोर. बागायतदार रस्त्यावर उतरले, 1993 मध्ये काम थांबलं आणि कारखाना गेला तमिळनाडूत, तुतिकोरिनला.

तिथे 22 मे 2018 ला कारखान्याविरुद्ध उतरलेल्या आंदोलकांवर गोळीबार झाला, 13 जणांचा जीव गेला. सरकारनं कारखान्याला टाळं ठोकलं. कंपनी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि डिसेंबरात लवाद म्हणाला, टाळं काढा.

सर्वोच्च न्यायालयानं 18 फेब्रुवारी 2019 ला तो हुकूम रद्द केला. धूर विषारी ठरला म्हणून? छे! त्या वादात न्यायालय शिरलंच नाही. त्याचा सवाल एवढाच होता: हे प्रकरण ऐकायचा अधिकार लवादाला दिला कोणी? लवाद 2010 च्या कायद्यातून जन्मला, आणि कोणती अपिलं त्याच्या दारात येतील तेही त्याच कायद्यात लिहिलंय. तलाठी सातबाऱ्यावर नोंद घालतो. उद्या तो घटस्फोट मंजूर करू लागला तर चालेल का?

कंपनीला मद्रास उच्च न्यायालयात जावं लागलं. तिथे ती 2020 मध्ये हरली. 29 फेब्रुवारी 2024 ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानंही तिचं अपील फेटाळलं. टाळं कायम!

आणि आता हे पाहा. लवादाच्या मर्यादेचा जो सवाल तिथे कारखान्याला नडला, त्याच जातीच्या सवालानं महाराष्ट्रातल्या एका कारखान्याला तारलं. लवादानं बेन्झो केम कंपनीला 25 कोटींचा दंड केला होता, तोही तिची उलाढाल बघून. नोव्हेंबर 2024 मध्ये न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठानं तो रद्द केला: उलाढालीचा आणि प्रदूषणाच्या दंडाचा संबंध काय? मला हा निकाल पटतो. दंड घाणीच्या मापानं व्हावा, गल्ल्याच्या नव्हे.

मग प्रदूषण मंडळांनी नुसत्या नोटिसा धाडत बसायचं का? तेही नाही. 4 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मंडळांना नुकसानभरपाई वसूल करता येईल. इतकंच काय, नुकसान होण्याआधीच बँक गॅरंटीही मागता येईल. अट एकच: आधी त्याचे नियम करा.

रत्नागिरी जिल्ह्यातल्याच लोटे एमआयडीसीचे कारखानदार आणि जवळच्या दाभोळ खाडीत जाळं टाकणारे, दोघांनीही हे नियम झाले की मागवून वाचावेत.