सांगटाचा काटा, फुटलेले हात, धरलेली कंबर: घरचं औषध कुठवर पुरतं



1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बंदी. होडी वर ओढून झाली, जाळी शिवून होत आली, की माणसाला स्वतःच्या अंगाची आठवण होते. सीझनभर जे दुखणं 'बघू नंतर' म्हणून ढकललं ते याच दोन महिन्यांत वर येतं. मग कोणी मुठेल काढतं, कोणी निगडीचा पाला आणतं, कोणी शेजारच्या काकांकडून पाठ रगडून घेतं. यातलं बरंचसं चांगलं आहे, काही निरुपयोगी आहे आणि थोडं धोक्याचं आहे. ते वेगळं करून सांगावं म्हणून हा लेख.

आधी काट्याचं बघू, कारण बंदी उठली की पहिल्याच आठवड्यात कोणाच्या तरी हातात सांगटाचा काटा जाणार हे ठरलेलं. सांगट म्हणजेच शिंगाळा. त्याला तीन काटे, एक पाठीवर आणि दोन बाजूच्या परांना. तिन्ही करवतीसारखे दातेरी, वर विषाचं आवरण. मासा मेला तरी काटा मरत नाही, म्हणून पाण्यात कमी आणि मासळी निवडताना जास्त लोकांना लागतो. पाकटाच्या शेपटीचा काटा त्याहून मोठा, आणि तो बहुतेक वेळा पायात जातो.

या विषाची एक कमजोरी आहे. ते प्रथिनाचं बनलेलं असतं आणि उष्णतेनं बिघडतं. म्हणून काटा लागला की पहिलं औषध गरम पाणी. लागलेला हात किंवा पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवायचा, अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत. पाणी निवत गेलं की गरम घालत राहायचं. पाणी 45 अंशांपेक्षा जास्त गरम नको. थर्मामीटर कोणाकडे नसतो, म्हणून खूण लक्षात ठेवा: पाणी आधी न लागलेल्या हातानं तपासायचं, आणि शक्यतो दुसऱ्या माणसानं. लागलेला हात कळांनी इतका बधिर झालेला असतो की पाणी पोळतंय हे कळत नाही. विषानं नाही तर पाण्यानंच कातडी सोलवटून घेतलेली माणसं आहेत.

ट्रॉलरवर शेगडी असते, तिथं प्रश्न नाही. लहान होडीवाल्यांनी एक चांगला थर्मास न्यावा. उकळत्या पाण्याचा एक भाग आणि साध्या पाण्याचे तीन-चार भाग, इथून सुरुवात करून हातानं अंदाज घ्या.

आता जे करू नये ते. माझ्या अंगठ्यात पहिल्यांदा सांगट गेला तेव्हा होडीवरच्या जाणत्यानं तंबाखू चुन्यात मळून जखमेवर दाबली होती. कळ तशीच राहिली, आणि तिसऱ्या दिवशी अंगठा भोपळ्याएवढा झाला. तंबाखू, चुना, डिझेल, शेण, चहापत्ती यातलं काही जखमेत भरायचं नाही. वर दोरी आवळायची नाही, ब्लेडनं चिरून रक्त काढायचं नाही. काट्याचा तुकडा वर दिसत असेल तर चिमट्यानं काढा, खोल असेल तर ते डॉक्टरचं काम. पाकटाचा काटा पोटात, छातीत किंवा मानेत घुसला असेल तर तो उपटायचा नाही, कारण कधी कधी त्यानंच रक्त अडवून धरलेलं असतं. तसंच किनाऱ्याला आणायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांत घेतलेलं नसेल तर तेही विचारून घ्या.

हळदीबद्दल बरेच जण विचारतात. वरवरच्या खरचटण्यावर हळद लावली तर आमचं काही म्हणणं नाही. पण काट्याची जखम अरुंद आणि खोल असते. वरून हळद थापली की तोंड बंद, आत घाण तशीच, आणि लाली वाढतेय की नाही हेही पिवळ्या लेपाखाली दिसत नाही. जखमेला भरपूर स्वच्छ वाहतं पाणी आणि साबण लागतो. हळद दुधात घालून प्या हवी तर.

हे इतकं लांबवून सांगण्याचं कारण आहे. समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यात असे जंतू असतात जे गावातल्या साध्या जखमेत सापडत नाहीत. एक जंतू मासे हाताळणाऱ्यांच्या बोटांना धरतो, बोट जांभळट लाल होतं, ठणकतं, आठवडे जात नाही. दुसरा काही तासांत पाय सुजवतो, फोड आणतो आणि रक्तात गेला तर जीव घेतो. ज्यांना साखर आहे आणि दारूनं ज्यांचं लिव्हर खराब झालंय त्यांना हा दुसरा जास्त गाठतो, आणि आपल्या धक्क्यांवर अशी माणसं किती आहेत हे आपल्याला माहीत आहे. म्हणून लाली वर सरकत असेल, ताप आला, काळे-निळे फोड दिसले, तर रात्र असली तरी थांबू नका. डॉक्टरला 'समुद्राच्या पाण्यात जखम झाली' हे वाक्य आवर्जून सांगा, त्यावर औषध बदलतं.

मालकांना एक सांगणं. आपल्या बोटींवरचे खलाशी ओडिशा, झारखंड, कर्नाटकातून आलेले असतात. त्यांना इथला दवाखाना कुठं ते ठाऊक नसतं, भाषा येत नाही, आणि ट्रिप चुकली तर पैसे जातील या भीतीनं ते हात लपवतात. तांडेलानं रोज संध्याकाळी सगळ्यांचे हात एकदा बघावेत. दोन मिनिटं लागतात.

जेलीफिश लागली तर वाळूनं घासू नका, गोडं पाणी ओतू नका. दोन्हीनं कातडीवर चिकटलेल्या न फुटलेल्या पेशी फुटतात आणि आग वाढते. समुद्राच्याच पाण्यानं धुवा, धागे चिमट्यानं किंवा हातमोजा घालून काढा, मग गरम पाण्याचा शेक. पावसाळ्यात किनाऱ्याला निळ्या फुग्यासारख्या ज्या येतात त्यांच्यावर व्हिनेगर ओतू नका. लघवीचा उपाय सोडून द्या.

समुद्री सापाचा नियम मात्र उलटा. शेपूट वल्ह्यासारखी चपटी दिसली की तो समुद्री साप. जाळ्यात येतो, चावतो, आणि चावलेलं बऱ्याचदा दुखतही नाही. काही वेळानं अंग आंबतं, पापण्या जड होतात, लघवी काळपट होते. इथं चोळणं नाही, गरम पाणी नाही, चालवणं नाही. हात-पाय फळीला बांधून हलू न देता माणसाला आडवं ठेवून मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं. आपल्याकडं मिळणारी सर्पदंशाची लस जमिनीवरच्या चार सापांसाठी बनते, त्यामुळं इथं श्वासाचं मशीन आणि किडनीवर लक्ष ठेवणारी सोय यालाच महत्त्व आहे.

आता हातांकडे येऊ. इथं घरचं औषध खरोखर राजा आहे.

खारं पाणी, बर्फ आणि दोर. या तिघांत हाताची कातडी कोरडी पडते, मग तडकते, मग त्या भेगांत मासळीचं पाणी जातं. बाजारात बसणाऱ्या आमच्या बायकांचं तर दिवसभर हेच, वर आडाळीवर कापताना पराचे काटे. यावर आमच्या आजीकडं एकच वस्तू होती: मुठेल, काहींच्या घरी भिरंडेल म्हणतात. कोकमाच्या बिया धुऊन उन्हात खडखडीत वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा, वर आलेला स्निग्ध थर काढून निवला की मुठीत दाबून गोळा करायचा. एरवी दगडासारखा घट्ट, अंगाच्या उबेला मऊ होणारा. खोबरेल तेल हातावरून पुसलं जातं, मुठेल भेगेत बसून राहतं, त्याचा हाच मोठा गुण.

लावायची रीत महत्त्वाची. रात्री हात गोड्या पाण्यानं आणि सौम्य साबणानं धुवा, मीठ राहू देऊ नका. पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, टिपून घ्या, ओलसर असतानाच गरम करून पातळ केलेलं मुठेल भेगांत भरा. पोळेल इतकं गरम नको. वरून जुने सुती मोजे हातात घालून झोपा. आठवडाभरात फरक दिसतो. सकाळी कामाला जाताना खोबरेल चालेल. भेगेतून पू येत असेल किंवा नखाशेजारी नखुरडं झालं असेल तर वर मुठेल लावून झाकू नका.

पायाच्या बोटांतल्या चिखल्या हा दुसरा पावसाळी पाहुणा. तिथं तेल लावलं तर बुरशीचं फावतं. बोटांमधली जागा पुसून कोरडी ठेवणं, गमबूट रात्री उलटे टांगणं, सुती मोजे, आणि बुरशीचं साधं मलम, दिसायचं बंद झाल्यावरही दोन आठवडे. टाकळ्याच्या बिया वाटून नायट्यावर लावायची जुनी रीत आहे, पण जी मलमं दोन दिवसांत खाज पळवतात त्यांच्यापासून जपा. त्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. खाज जाते, नायटा पसरतो, कातडी पातळ होते. मेडिकलवाल्याला थेट विचारा: यात स्टिरॉइड आहे का?

कंबर. रापण ओढणाऱ्याची, विंचवर उभं राहणाऱ्याची, पाटी उचलणारीची, दिवसभर बसक्या पाटावर बसणारीची, प्रत्येकाची कंबर वेगळ्या तऱ्हेनं धरते, पण उपचाराचा क्रम एकच. ताजा लचका असेल, सूज असेल, तर पहिले दोन दिवस चोळायचं नाही आणि शेकायचंही नाही. बर्फ तर आपल्याकडंच, कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. त्यानंतर शेक आणि तेल.

शेकाला जाडं मीठ तव्यावर गरम करून फडक्यात पुरचुंडी बांधा. निगडीचा पाला थोड्या तेलावर परतून बांधला तर वासानंही बरं वाटतं. आमच्या मते अर्धं काम उष्णताच करते, पण पाला फुकट मिळतो आणि नुकसान नाही. तेलासाठी वाटीभर खोबरेलात चार-पाच लसूण पाकळ्या आणि चमचाभर ओवा मंद आचेवर लसूण तांबूस होईपर्यंत ठेवा, गाळा, विस्तव बंद करून कोमट झाल्यावरच थोडा कापूर घाला, कारण कापूर पेट घेतो. बाटली पोरांच्या हाताला लागता कामा नये. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात.

चोळताना मणक्यावर दाबायचं नाही. मणक्याच्या दोन्ही बाजूंचे जाड स्नायू अंगठ्यानं खालून वर हळूहळू दाबत जायचं, जिथं गाठ लागते तिथं वीसेक सेकंद धरून सोडायचं. एकटे असाल तर टेनिस बॉल किंवा टॉवेलात गुंडाळलेला जाळ्याचा लहान फ्लोट पाठ आणि भिंत यांच्यामध्ये धरून गुडघे थोडे वाकवत वरखाली व्हा. दोर ओढून ताठ झालेल्या मनगट-कोपरांसाठी हात समोर सरळ धरून दुसऱ्या हातानं बोटं आपल्याकडं खेचा, वीस सेकंद, मग तळवा उलटा करून पुन्हा. पहाटे जाळं ओढायच्या आधी दोन मिनिटं हे केलं तरी फरक पडतो.

पाठीवर पोराला चालवायची पद्धत बंद करा. म्हाताऱ्या माणसाचं हाड त्यानं खचू शकतं. कंबरदुखीबरोबर पाय लुळा पडत असेल, बसायच्या जागी बधिर वाटत असेल, लघवी अडत किंवा कळत नसेल, तर तेलाची बाटली ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल. आणि गावोगाव मिळणाऱ्या 'सांध्याच्या' बिननावाच्या पुड्या नकोत. तिसऱ्या डोसाला माणूस उड्या मारायला लागला तर आत स्टिरॉइड असण्याची शंका घ्या. महिनोन्महिने घेतल्या असतील तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरकडं जा.

शेवटचं, आणि या लेखात सगळ्यात महत्त्वाचं. पहाटे जाळं ओढताना छाती गच्च होते, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाते, थंड घाम फुटतो, ओकारी येते. बाजूचे म्हणतात, 'वारा धरला, ओव्याचं पाणी दे, पाठ चोळ.' यात तास जातो, आणि हृदयाच्या झटक्यात तो तासच लागणारा असतो. साखर असलेल्यांत आणि बायकांत कधी कधी छातीत दुखतही नाही, नुसता दम लागतो आणि घाम येतो. अशा वेळी चोळणं, चालवणं, सोडा पाजणं काही नाही. माणसाला बसतं करून बोट वळवा, फोन लागताच 108 लावा आणि कोणत्या धक्क्यावर येताय ते आधीच सांगा. गोव्यात स्टेमी प्रकल्पाखाली लहान सरकारी केंद्रांतही ईसीजी काढून तो मोठ्या डॉक्टरांना दाखवला जातो आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळू शकतं, म्हणून बांबोळीपर्यंत थांबू नका, जवळचं केंद्र गाठा.

बंदी उठायच्या आधी बोटीतल्या पेटीत हे भरून ठेवा: थर्मास, चिमटा, साबण, स्वच्छ पट्ट्या, जाड हातमोजे, मुठेलचा एक गोळा, आणि झाकणावर ठळक मार्करनं तांडेलाचा, मालकाचा आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा नंबर. मार्कर वॉटरप्रूफ बघून घ्या, साधा पहिल्याच ट्रिपला पुसला जातो.