काळ्या रंगाची शिल्लक

पणतीच्या ज्योतीवर झाकणी धरली की तिच्यावर काजळी धरते. ही काजळी गोंदाच्या पाण्यात खलली की पोथी लिहिण्याची शाई होई आणि तुपात कालवली की डोळ्यांत घालायचे काजळ. मोटारीच्या काळ्या रंगात असतो तो तिचाच कारखान्यातला भाऊबंद. तेल अपुऱ्या हवेत जाळायचे आणि मागे उरणारा कार्बन गोळा करायचा, हे तत्त्व दोन्हीकडे एकच. कार्बन उन्हाने विटत नाही, पाण्यात विरघळत नाही आणि सौम्य आम्लांना दाद देत नाही. म्हणूनच शेकडो वर्षांपूर्वीच्या पोथ्यांमधली अक्षरे कागद पिवळा पडला तरी काळीभोर राहिली आहेत.

मग पाच-सहा वर्षांची काळी मोटार उन्हात राखाडी, ओरखडलेली आणि मलूल का दिसते? मी रसायनाचा पदवीधर नाही. लाखकाम, कल्हई, पॉलिश अशा पृष्ठभागांच्या कारागिरीची टिपणे काढण्याचा छंद मला आहे. त्या नादात पुण्यातल्या एका डिटेलिंगच्या कारागिराकडे मी बरेच दिवस बसलो. गाडीचा रंग पूर्ववत करून देणे हा त्याचा व्यवसाय. वरच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडेच मिळाले : काळ्या गाडीतला काळा सहसा बिघडलेलाच नसतो. बिघडते ते त्याच्यावरचे पारदर्शक आवरण. या एका गोष्टीवर पुढचा सगळा हिशेब उभा आहे.

आजच्या मोटारीच्या पत्र्यावर साधारण चार थर असतात. सर्वांत खाली, पत्रा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने चढवलेला गंजरोधक थर. त्यावर प्रायमर. त्यावर प्रत्यक्ष रंगाचा थर, तो जेमतेम पंधरा-वीस मायक्रॉनचा. आणि सर्वांत वर बिनरंगी क्लिअर कोट, साधारण पस्तीस ते पन्नास मायक्रॉनचा. गॅरेजवाले त्याला ‘लॅकर’ म्हणतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. चारही थर मिळून जाडी शंभर ते दीडशे मायक्रॉन भरते आणि आपल्या डोक्याचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे गाडीची सारी झळाळी केसापेक्षाही पातळ अशा पापुद्र्यावर उभी असते.

जुन्या फियाट, अॅम्बॅसडर गाड्यांचा रंग एकाच थराचा असे. त्या गाड्या घासल्या की फडके काळे किंवा निळे होई, कारण रंगच निघत असे. क्लिअर कोट असलेली काळी गाडी घासली तर फडक्यावर काळे काही येत नाही. ते काळे दिसू लागले, तर वरचे आवरण संपले असे समजावे.

काळ्या रंगावरच ओरखडे इतके का दिसतात, याचे कारण प्रकाशात आहे. क्लिअर कोटवर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे चार टक्के पृष्ठभागावरूनच आरशासारखा परततो, बाकीचा आत शिरतो. खाली पांढरा रंग असेल तर आत गेलेला बहुतेक प्रकाश चहूकडे विखुरून बाहेर येतो आणि त्या उजेडात ओरखड्यांची चमक बुडून जाते. खाली काळा असेल तर आत गेलेला प्रकाश कार्बन गिळून टाकतो. डोळ्यांपर्यंत पोचते ते फक्त पृष्ठभागावरचे प्रतिबिंब. त्यात ओरखड्याची कड चकाकली, की काळोखात काडी पेटवावी तशी ती उठून दिसते. पांढऱ्या आणि काळ्या गाडीवर ओरखडे सारखेच असतात. काळी ते लपवत नाही, एवढेच.

उन्हात काळ्या बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतात. पुसणाऱ्याने हात गोल फिरवला म्हणून ती पडली, असा सार्वत्रिक समज आहे. घरातले रोजचे स्टीलचे ताट दिव्याखाली धरून पाहा. त्यावरही दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती अशीच वर्तुळे दिसतील आणि ताट सरकवले की प्रतिबिंबाबरोबर तीही सरकतील. ओरखडे प्रत्यक्षात सर्व दिशांना पसरलेले असतात. त्यांतले जे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे पडतात तेवढेच डोळ्याकडे प्रकाश फेकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. तेव्हा हात सरळ फिरवून पुसले की भागले, हा सल्ला अपुरा आहे. ओरखडा पडतो तो फडक्याखाली सापडलेल्या कणामुळे.

हा कण म्हणजे आपल्या रस्त्यांवरची आणि बांधकामांवरची धूळ. तिच्यातली वाळू क्वार्ट्‌झची असते आणि काठिण्याच्या मोजपट्टीवर क्वार्ट्‌झ सातव्या पायरीवर बसते. क्लिअर कोट तिच्यापुढे फार मऊ. सोसायट्यांमध्ये पहाटे गाड्या पुसणारा माणूस एकाच बादलीच्या पाण्यात आठ-दहा गाड्या करतो. तिसऱ्या गाडीपर्यंत त्या बादलीत पाण्याइतकीच वाळू असते. गाडीचे मालक त्याच्या हाताला दोष देतात. पण महिन्याला ठरलेल्या चार पैशांत, पाण्याची टंचाई असताना, त्याने दुसरे काय करावे? धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर घातले तर वाऱ्याने हलणारे ते कापडही तेच काम रात्रभर करते.

दुसरा शत्रू पाणी. दख्खनच्या काळ्या खडकातून वर येणाऱ्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. तापलेल्या बॉनेटवर असे पाणी सुकले की पांढरी कडी उमटतात. ताजी असताना सौम्य आम्लाने ती निघतात, मुरली की आवरणात खड्डा करून बसतात. तिसरा शत्रू पक्ष्यांची विष्ठा. तिच्यातली पाचक द्रव्ये क्लिअर कोटचे बंध तोडतात. प्रयोगशाळेत रंगाची परीक्षा घेताना विष्ठेऐवजी पॅन्क्रिएटिन हे पाचक द्रव्यांचे मिश्रण वापरतात, ते याच कारणाने. त्यात काळा पत्रा उन्हात इतरांपेक्षा जास्त तापतो आणि तापलेले आवरण मऊ पडून आणखी लवकर खाल्ले जाते.

आता दुरुस्ती. गाडी आधी भरपूर पाण्याने धुतात. ब्रेकमधून उडून रुतलेले लोखंडाचे कण विरघळवणारे द्रव मारतात. ते द्रव लोखंडाला भेटले की जांभळे होते. मग चिकणमातीसारखा ‘क्ले’ साबणाच्या पाण्यावर फिरवून उरलेली कचकच ओढून काढतात. इथपर्यंत फक्त साफसफाई. खरे काम त्यानंतरचे. अॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पूड असलेले कंपाउंड फोमच्या किंवा लोकरीच्या गादीवर घेऊन मशीनने आवरण घासतात, मग त्याहून बारीक पॉलिशने. गॅरेजच्या भाषेत याला ‘रबिंग’ म्हणतात आणि तो शब्द अगदी खरा आहे. ओरखडा भरून येत नाही. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचे आवरणच खाली आणतात. खाचखळग्यांचे शेत सपाट करताना उंचवटे उतरवावे तसे.

ही युक्ती जुनी आहे. जपानमधले उरुशीचे कारागीर झाडाच्या चिकाचे थर देऊन शेवटी ते कोळशाने घासतात आणि हरणाच्या शिंगाच्या पुडीने बोटांनी उजळतात. या काळ्या झळाळीची नक्कल करण्याचा ध्यास युरोपने घेतला. इंग्लंडात 1688 साली या नकलेवर एक आख्खा ग्रंथ निघाला आणि या कलेला देशाचेच नाव पडले : जपानिंग. पुढे अस्फाल्ट घालून भट्टीत भाजलेल्या काळ्या वार्निशालाही ‘जपान’च म्हणू लागले. 1914 ते 1925 या काळात फक्त काळ्या रंगात मिळणारी फोर्डची मॉडेल टी याच घराण्यातली. उरुशीच्या कारागिरात आणि आजच्या डिटेलरमध्ये मात्र एक मोठा फरक आहे. उरुशीवाला घासता घासता मध्ये कच्च्या चिकाचा हात देत जातो, म्हणजे काढतो तसे घालतोही. डिटेलर फक्त काढतो. कारखान्याने दिलेले चाळीसेक मायक्रॉन हेच त्याचे भांडवल आणि त्यात भर पडत नाही.

कंपाउंड आणि पॉलिश असा पुरा हात मारला की साधारण दोन ते चार मायक्रॉन खर्च होतात. सगळे आवरण झिजेपर्यंत घासता येईल असे मात्र नाही. क्लिअर कोटमध्ये उन्हातली अतिनील किरणे अडवणारी द्रव्ये असतात. थर पातळ झाला की किरणे खालच्या रंगापर्यंत पोचतात, दोन थरांची पकड सुटते आणि टपावर, बॉनेटवर पांढरे पापुद्रे सुटू लागतात. एकूण सात-आठ मायक्रॉन गेले की सावध व्हावे, असा या व्यवसायातला संकेत आहे. म्हणजे गाडीच्या सबंध आयुष्यात खोल रबिंग दोन-तीनदाच परवडते.

शिल्लक मोजायला जाडी मोजणारे छोटे यंत्र मिळते. ते लोखंडी पत्र्यावर चुंबकत्वाने चालते. त्यातली मेख अशी की ते सर्व थरांची मिळून जाडी सांगते, एकट्या क्लिअर कोटची नाही. म्हणून आकडे एकमेकांशी ताडून पाहावे लागतात. दोनशेच्या वरचा आकडा बहुधा पुन्हा रंगवल्याची खूण. पाचशे-हजार दिसले तर खाली पुट्टी आहे. दाराच्या आतल्या चौकटीत कधी रबिंग होत नाही, पण तिथे थर मुळातच पातळ असतो. तेव्हा टपाचा आकडा चौकटीच्याही खाली गेला असेल तर ती धोक्याची घंटा.

माझ्यासमोर अशी एक काळी गाडी आली. घरात लग्न होते आणि मालकांना ती ‘एकदम नवी’ हवी होती. दर दिवाळीला ते रबिंग करून घेत. कारागिराने यंत्र टपावर टेकवले, मग चौकटीवर. टपाचा आकडा चौकटीपेक्षा कमी होता. तो म्हणाला, “काका, आता कंपाउंड मारलं तर लग्नात चमकेल, पण पुढचा उन्हाळा निघणार नाही.” मालक चिडले. शेजारच्या गल्लीत निम्म्या पैशांत करून देतात, असे त्यांनी ऐकवले. ते खरेही होते. शेवटी मऊ गादीवर अगदी बारीक पॉलिशचा एक हात झाला. जाळे पुष्कळ कमी झाले, चार खोल ओरखडे तसेच राहिले. नखाने चाचपताना नख अडते तो ओरखडा सोडून द्यावा, हा त्याचा नियम होता.

निम्म्या पैशांत काय मिळते, तेही सांगायला हवे. पहिल्या पावसात ओला झालेला कातळ एकदम काळाभोर दिसतो, कारण पाणी त्याच्या खडबडीवर पसरते आणि प्रकाश विखुरायचा थांबतो. तेल-मेणाचे पॉलिश हेच करते. ओरखड्यात जाऊन बसते आणि त्याचा अपवर्तनांक क्लिअर कोटच्या जवळचा असल्याने ओरखडा दिसेनासा होतो. चार धुण्यांत ते निघून जाते. यात आवरणाची झीज होत नाही. फसवणूक होते ती याला दुरुस्ती म्हणून विकताना. खरा कारागीर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पत्रा पुसून, दिवा धरून मगच काम दाखवतो. याच्या उलट बाजूला कंपाउंडचा वाट्टेल तसा मारा करणारे. त्यांच्या कामाची चमक खरी असते, पण ती पुढच्या वर्षांच्या भांडवलातून काढलेली असते. सिरॅमिक कोटिंगही या हिशेबातून सोडवत नाही. तो थर एक-दोन मायक्रॉनचा असतो आणि ओरखडे न काढता वर मारला तर ते खाली तसेच राहतात.

आवरण संपले की उरतो एकच मार्ग, पुन्हा रंगवणे. त्याची किंमत फक्त मालक मोजत नाही. आजच्या दोन भागांच्या क्लिअर कोटमध्ये कठीणपणा आणण्यासाठी आयसोसायनेट्स घालतात. स्प्रे गनमधून उडणारे हे द्रव्य श्वासात गेले तर दमा जडू शकतो आणि एकदा शरीर त्याला बिथरले की अगदी थोडी मात्राही पुरते. नळीतून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा हाच त्यावरचा भरवशाचा उपाय. आपल्याकडे छोट्या गॅरेजांत मी पाहिला तो नाकाला बांधलेला रुमाल. कारखान्याचा मूळ रंग जितकी वर्षे टिकेल, तितके हे फवारणे टळेल.

म्हणून काळी गाडी कारागिराच्या हवाली करताना काही गोष्टी विचाराव्यात. जाडी मोजणार का आणि आकडे लिहून देणार का? आधी हातभर जागेवर, सर्वांत सौम्य पॉलिशने करून दाखवणार का? कडांवर आवरण सर्वांत पातळ असते, तिथे टेप लावणार का? आणि अल्कोहोलने पुसून दाखवणार का? चारही उत्तरे ‘हो’ आली तर दर थोडा जास्त असला तरी तो स्वस्तच.

आणि त्याही आधी, पहाटे गाडी पुसायला येणाऱ्या माणसाला दुसरी बादली, दोन जादा फडकी आणि महिन्याला थोडे अधिक पैसे द्यावेत. कोरड्या धुळीवर फडके न फिरवता आधी पाणी ओतायची मुभाही द्यावी, रोज नाही तर आठवड्यातून दोनदा. काळ्या रंगाचे आयुष्य वाढवणारा याहून स्वस्त उपाय मला अजून सापडलेला नाही.