ब्लेड, विणायची सुई आणि सहा पेनींचं नाणं

रेडिओवर भीमसेन जोशींचा एक षड्ज लागला, की निवेदकानं नाव सांगायची गरज उरत नाही. इलेक्ट्रिक गिटारचंही तसंच आहे. बी. बी. किंगचा एक सूर वाजला की जाणकार दुसऱ्याची वाट न पाहता मान डोलावतो. या ओळखीलाच गिटारवाले ‘टोन’ म्हणतात. तो सापडावा म्हणून तारा बदलतात, पिकअप बदलतात, पेडलांच्या माळा लावतात. पण ज्यांच्या टोनची आज जगभर नक्कल होते, त्यांना तो मिळाला कुठे? कुणाला भंगारात, कुणाला अपघातात, तर कुणाला शेजारी झोपले होते म्हणून!

शेकोटी मोडली, गिटार झाली

१९६३ साली क्वीन बँडचा भावी गिटारवाला ब्रायन मे सोळा वर्षांचा होता. फेंडर किंवा गिब्सन घेण्याची घरची ऐपत नव्हती, पण वडील हॅरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर होते आणि त्यांच्या हातात कसब होतं. बापलेकांनी गिटार घरीच करायला घेतली. त्यात जवळपास दोन वर्षं गेली. मानेसाठी लाकूड आलं एका जुन्या शेकोटीच्या चौकटीतून. त्याला किडीनं पाडलेली भोकं होती, ती आगकाड्यांनी बुजवली. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक गेलं. सूर हलवणारा ट्रेमोलो सुरीच्या धारेवर तोलला आणि त्याला १९२८ सालच्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लावल्या. ट्रेमोलोच्या दांड्याचं टोक आईच्या विणायच्या सुईचं, मानेवरचे पांढरे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांचे. टाकाऊतून टिकाऊ म्हणतात ते हेच. ‘रेड स्पेशल’ नावाची ही गिटार पुढे क्वीनच्या प्रत्येक अल्बमवर वाजली.

तारांची थरथर टिपणारे पिकअप मात्र विकतचे, बर्न्स कंपनीचे तीन. पण खरी गंमत त्यांच्या जोडणीत आहे. मे यानं प्रत्येक पिकअपला चालू-बंद करायचं एक बटण दिलं आणि त्याची दिशा उलटी करायचं दुसरं. दोन पिकअप एका दिशेनं जोडले की आवाज भरदार येतो. एकाची दिशा उलटी केली की काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो तो नाकातला, धारदार आवाज. एका गिटारमध्ये एवढे आवाज दडवून ठेवल्यावर दुसरी गिटार घ्यायची गरजच कुठे उरते?

आणि पिक? प्लॅस्टिकचं नाहीच. मे वाजवतो सहा पेनींच्या नाण्यानं. नाण्याची कड बारीक दातेरी असते, ती तारेवर किंचित घासली की सुराच्या सुरुवातीला एक खरखर येते. १९८० साली हे नाणं इंग्लंडच्या चलनातून गेलं, मे याच्या हातातून नाही.

क्वीनचा बास गिटारवाला जॉन डीकन यानं तर आणखी कमाल केली. रस्त्यावरच्या कचऱ्यात सापडलेला एक सर्किट बोर्ड उचलून त्यानं छोट्या स्पीकरच्या पेटीत बसवला आणि बॅटरीवर चालणारा इवलासा ॲम्प तयार केला. १९७५ च्या ‘गुड कंपनी’ या गाण्यात क्लॅरिनेट, ट्रंपेट, ट्रॉम्बोन ऐकू येतात ना? त्यात एकही फुंकवाद्य नाही. सगळी रेड स्पेशल आणि हा कचऱ्यातला ॲम्प!

बिघडला म्हणून घडला

आज डिस्टॉर्शन, म्हणजे तो फाटका, गुरगुरणारा आवाज, कोणत्याही पेडलातून मिळतो. पण त्याचा इतिहास म्हणजे बिघडलेल्या सामानाचा इतिहास आहे, आणि मला तो फार प्रिय आहे.

१९५१ साली ‘रॉकेट ८८’ रेकॉर्ड करायला आईक टर्नरचा बँड मेंफिसला निघाला आणि वाटेत गिटारवाल्या विली किझार्टचा ॲम्प खराब झाला. दुसरा आणायला वेळ नव्हता. स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स यानं फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि म्हणाला, वाजवा. तो घरघरता आवाज रेकॉर्डवर तसाच राहिला आणि गाणं तुफान चाललं.

लिंक रेला असा आवाज मुद्दाम हवा होता. त्यानं स्पीकरच्या कागदाला पेन्सिलनं भोकं पाडली. १९५८ च्या त्याच्या ‘रंबल’मध्ये गाण्याचे शब्दच नाहीत, तरी अमेरिकेतल्या काही रेडिओ स्टेशनांनी त्यावर बंदी घातली. त्या आवाजानं पोरं मारामाऱ्या करतील, अशी भीती! शब्दाविना बंदी घातली जाणं हा टोनला मिळालेला केवढा मोठा मान.

१९६४ मध्ये लंडनच्या किंक्स बँडमधल्या डेव्ह डेव्हिसनं एका लहानशा, स्वस्तातल्या ॲम्पच्या स्पीकरवर ब्लेड चालवलं, कागदाच्या चिंध्या केल्या आणि तो ॲम्प मोठ्या ॲम्पला जोडला. ‘यू रिअली गॉट मी’चा रिफ तो हाच.

पण सगळ्यात मजेशीर कहाणी नॅशव्हिलची. मार्टी रॉबिन्सच्या ‘डोंट वरी’ या साध्यासरळ गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि गिटारवाल्या ग्रेडी मार्टिनच्या सोलोचा आवाज मधमाश्यांच्या पोळ्यासारखा यायला लागला. तो तसाच ठेवला गेला. १९६१ मध्ये गाणं गाजलं आणि बाकीचे कलाकार इंजिनिअर ग्लेन स्नॉडीकडे तोच आवाज मागू लागले. मग स्नॉडीनं तो बिघाड अभ्यासून पेटीत बंद केला. गिब्सननं १९६२ साली ती पेटी मॅस्ट्रो फझ-टोन या नावानं बाजारात आणली. तीन वर्षांनी कीथ रिचर्ड्सनं ‘सॅटिस्फॅक्शन’चा रिफ त्यावर वाजवला, तोही पुढे तिथे ट्रंपेट-सॅक्सोफोन घालायचे म्हणून केवळ कच्चा आराखडा म्हणून. आराखडाच अजरामर झाला आणि दुकानांतल्या फझ पेट्या हातोहात संपल्या.

दुखरी बोटं, झोपलेले शेजारी

टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस. यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका उजवाच. कारखान्यातल्या साहेबानं त्याला गिटारवाल्या जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. १९२८ च्या आगीत दोन बोटं निकामी होऊनही राइनहार्टनं युरोपचा जॅझ गाजवला होता. आयोमीनं भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं आणि बोटांना कमी ताण पडावा म्हणून बँजोच्या बारीक तारा चढवल्या. १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’त त्याच्या ब्लॅक सबाथ बँडनं गिटार दीड स्वरानं खाली उतरवली. तारा आणखी सैल, आवाज आणखी जड. हेवी मेटलवाले आजही तसंच ट्यूनिंग उतरवतात.

वेस माँटगोमेरी दिवसभर राबायचा आणि रियाजाला रात्रच मिळायची. पिकचा खणखणाट घरच्यांना आणि शेजाऱ्यांना नको म्हणून तो अंगठ्यानं वाजवू लागला. जॅझ गिटारमधला सगळ्यात उबदार टोन असा जन्मला.

आणि बी. बी. किंग? त्याला नात्यातल्या बुका व्हाइटसारखं स्लाइडवर वाजवायचं होतं, ते काही जमेना. मग तो डाव्या हाताचं बोट तारेवर फडफडवून तसा आवाज काढू लागला. अख्खी ब्लूज गिटार त्या थरथरीच्या मागे गेली.

तुमचा ॲम्प कोणत्या पट्टीत गुणगुणतो?

एका कॉइलच्या पिकअपला घरातल्या विजेची घरघर ऐकू येते. भारतात वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, म्हणून आपल्याकडची घरघर जवळपास ‘जी’ सुरात असते. अमेरिकेत हाच आकडा ६०, त्यामुळे तिथली घरघर ए-शार्प आणि बी यांच्या मध्ये कुठेतरी लटकते. १९५५ साली गिब्सनच्या सेथ लव्हरनं उलट्या गुंडाळीची दोन कॉइल शेजारी बसवली. दोन्ही घरघरी एकमेकींना मारतात, तारेचा आवाज मात्र दुप्पट होतो. हाच हंबकर. घरघर जाताना वरची थोडी चमकही सोबत जाते, म्हणून फेंडरची एका कॉइलवाली स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट, वाजवणारे आजही घरघर सोसतात.

जाता जाता: स्ट्रॅट ज्यानं घडवली त्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. आणि रॉकचा गडगडाट ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते जिम मार्शल ड्रमर होते.

जाड तारा की बारीक?

जाड तारांशिवाय जाड टोन नाही, असं गिटारवाले छातीठोकपणे सांगतात. टेक्सासच्या स्टीव्ही रे व्हॉनची पहिली तार इंचाच्या तेरा हजारांश जाडीची होती. बोटांची सालं निघायची, तेव्हा तो त्यांना सुपरग्लू लावायचा. त्याच टेक्सासचा बिली गिबन्स सात हजारांशची तार वापरतो, जवळजवळ निम्मी, आणि त्याचा टोन तुपासारखा दाट. गिबन्स आधी जाड तारा लावायचा, तेव्हा एवढे कष्ट कशाला घेतोस, असं त्याला विचारलं होतं खुद्द बी. बी. किंगनं. माझा कौल गिबन्सच्या बाजूनं. ज्या तारेवर बोट मोकळेपणानं फिरतं, ती तार तुमची.

चाळीस लाख डॉलर, तरीही…

डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅट २०१९ च्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरना गेली. ‘कम्फर्टेबली नंब’चा सोलो तिच्यावरचा. पण ‘अनदर ब्रिक इन द वॉल’चा गाजलेला सोलो? तोही स्ट्रॅटचाच, असं भल्याभल्यांना वाटतं. तो आहे गिब्सनच्या सोनेरी लेस पॉल गिटारवरचा. लाकूड वेगळं, पिकअप वेगळे, आणि तरीही पहिल्या बेंडला गिलमोर ओळखू येतो.

टेड नजंट सांगतो, की एकदा त्याला एडी व्हॅन हेलनचं सगळं सामान वाजवायला मिळालं. आता तो जादूचा आवाज येणार म्हणून त्यानं मोठ्या आशेनं तार छेडली आणि ॲम्पमधून नजंटच ऐकू आला. एडीची ती गिटार तरी काय होती? पन्नास डॉलरची बॉडी, ऐंशी डॉलरची मान आणि मेणात बुडवलेला गिब्सनचा पिकअप.

हाताचं हे माहात्म्य एका मिनिटात पडताळता येतं. मोकळी तार बरोबर मध्यावर, म्हणजे बाराव्या फ्रेटवर छेडा. तिथे सम संख्येचे सगळे उपस्वर दबतात आणि आवाज गोल, जरा पोकळ येतो. मग हात हळूहळू ब्रिजकडे न्या. वरचे उपस्वर एकेक करून जागे होतात आणि शेवटी आवाज पत्र्यासारखा टणत्कारतो. आता पिक सपाट न धरता तिरकं धरा, पुन्हा आवाज बदलेल. या सगळ्यात एक रुपयाही खर्च झाला नाही.

आपली मींड, त्यांची पोलादी पट्टी

१९३२ साली बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, ‘फ्राइंग पॅन’, मांडीवर आडवी ठेवून पोलादी पट्टीनं वाजवायची हवाईयन गिटार होती. तारेवरून पट्टी सरकवली की मींड आपोआप येते. म्हणूनच ती आपल्याकडे रुजली. हिंदी सिनेमाची गाणी व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी या गिटारवर अशी गायली, की शब्दांची उणीव भासू नये. ‘दम मारो दम’ची सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांची, तेच गझल गाणारे भूपिंदर. आणि मुंबईत १९३६ साली गोवेकर कुटुंबात जन्मलेला अमान्सिओ डिसिल्वा लंडनला गेला आणि १९६९ साली जो हॅरियटबरोबर ‘हम दोनो’ हा अल्बम त्यानं केला. जॅझमध्ये रागाची वळणं घेणारी त्याची गिटार अजून फार कमी मराठी कानांपर्यंत पोचली आहे. जरूर ऐका.

रात्री गोड, स्टेजवर गायब

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येक गिटारवाल्याला हा अनुभव येतो. रात्री हळू आवाजात टोन झकास लागतो आणि दुसऱ्या दिवशी बँडबरोबर त्याचा चिखल होतो. कारण कानातच आहे. १९३३ साली बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं, की आवाज लहान असताना कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. मग आपण बास वाढवतो, मधला भाग कमी करतो. एकट्यानं वाजवताना ते भव्य वाटतं. पण बँडमध्ये खालची जागा बास गिटारची, वरची झांजांची. गिटारची जागा नेमकी मधली, आणि तीच आपण रिकामी करून आलेलो असतो. म्हणून टोन लावायचा तो बँड चालू असताना, बास कमी आणि मिड जास्त ठेवून. एकट्यानं ऐकताना तो जरा बोचेल, बोचू द्या.

एक काम आजच करा. ॲम्प नेहमीसारखा लावा आणि गिटारवरचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणा. डिस्टॉर्शन निवळेल आणि बोटांचा जोर ऐकू येऊ लागेल. हलकं छेडलं तर सूर स्वच्छ, जोरात छेडलं तर कडेला किंचित फाटलेला. तेवढं फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या कानांनी ऐका. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी नव्या तारा आणि चांगल्या कारागिराकडून सेटअप, मग ॲम्प. पेडल सगळ्यात शेवटी.